निळ्या-पिवळ्याची मालकीण

केरबा हवालदाराला 'पाणकोंबडा' हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं, याचा छडा शेवटपर्यंत लागला नाही. लागला असता तर त्या माणसाची धडगत नव्हती. पंच्याहत्तर साली दिवाळीच्या सुमारास ते कवठवाडीत उगवलं आणि संक्रांतीपर्यंत सगळ्या गावाच्या तोंडात बसलं. समोरासमोर कुणी म्हणत नसे. सतरा वर्षं पलटणीत काढलेला, पन्नाशीतही ताठ चालणारा माणूस. त्याच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची? पण पाठ वळली की सुरू. पाणकोंबडा मळ्यात गेला, पाणकोंबड्याचा ऊस तोडीला आला, पाणकोंबड्याकडनं कुदळ मागून आण.

सगळं खापर रंगावर फुटायला हवं. केरबाच्या बैलांची शिंगं बुडाला गर्द निळी आणि शेंड्याकडं पिवळीधमक रंगवलेली असत. आसपासच्या दहा गावांत अशी जोडी नव्हती. बाकी सगळ्यांचा हिंगूळ. शिंगं तांबडी, फार तर वर बेगडाची पट्टी. आणि त्या साली सांगलीहून नवी बिडी आली, पाणकोंबडा छाप. पुड्याचा कागद गर्द निळा, त्यावर पिवळाधमक पट्टा, आणि पट्ट्यात एक पाणकोंबडा लगबगीनं कुठंतरी निघालेला. कंपनीनं महिन्याभरात एस.टी.च्या शेडपासून पाणवठ्यापर्यंत दिसेल ती भिंत निळी-पिवळी करून टाकली. मग काय विचारता. केरबाची गाडी वळणावर दिसली की पारावरची माणसं काडेपेटी चाचपू लागली. एकानं तर उघड सांगितलं की हवालदाराची बैलं बघितली की त्याला बिडीची तलफ येते. बिचारा हे कौतुकानं म्हणाला होता.

केरबाच्या मात्र ते काळजाला लागलं. कारण ते रंग त्याचे नव्हतेच. त्याच्या बायकोचे होते, आणि ती जाऊन तीन वर्षं होत आली होती.

शालूबाई त्या घरात आली तेव्हा केरबा पलटणीत नवा होता. लग्नाची हळद नीट उतरायच्या आत त्याची रजा संपली. घरात अंथरुणाला खिळलेला सासरा, दावणीला एक जोडी, आणि सगळा कारभार हिच्या एकटीवर. बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला. शिंगं साळायची, रंगवायची, हे गड्याचं काम. बाईनं औक्षण करायचं आणि पुरणपोळीचा घास भरवायचा. भावकीतल्या सयाजीला तिनं निरोप धाडला. सयाजीनं उलट सांगावा दिला की आमचं उरकलं की बघू. आता बेंदूर काय याच्यासाठी थांबणार होता? शालूबाई सरळ कोरेगावच्या बाजाराला चालत गेली. पोचेपर्यंत दुपार झाली आणि हिंगूळ संपला होता. दुकानदाराकडं दोनच डबे उरले होते, कपाटाला लावायचा निळा आणि पाट्यांचा पिवळा. तिनं दोन्ही उचलले आणि शिंगं स्वतःच्या हातानं रंगवली.

त्या साली गावाला हसायला तेवढंच पुरलं. सयाजी म्हणाला, ही बैलं आहेत का टांग्याची घोडी? बाईनं शिंगाला हात लावला म्हणून म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या त्या वेगळ्याच. पुढच्या वर्षी ती सकाळीच बाजारात पोचली. हिंगुळाचे डबे रांगेनं मांडलेले होते. तिनं ते बघितले आणि निळा-पिवळाच मागितला. सासऱ्याकरवी तिला समज द्यायचाही प्रयत्न झाला. त्यावर ती पाणवठ्यावर, चार बायकांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली होती.

"हिंगूळ तुमचा, ह्ये आमचं. ज्याला बघवत न्हाई त्यानं वाट बदलावी."

कुणी वाट बदलली नाही आणि तिनं रंग बदलला नाही. चार-पाच वर्षांत असं झालं की निळं-पिवळं म्हणजे केरबाचं घर. परगावचा पाहुणा वाट विचारायला लागला तर माणसं सांगायची, निळ्या शिंगांची बैलं जिथं बांधलेली दिसतील तिथं जा.

केरबानं हे सगळं पत्रातनं वाचलं, पण कळलं ते रजेवर आल्यावर. कोरेगाव स्टेशनवर उतरून तीन कोस चालत यावं लागे. खिंड ओलांडली की खाली वसना नदीकाठची शिवारं दिसत. तिथं तो ट्रंक खाली ठेवून बघत राही. हिरव्या पिकात कुठंतरी निळा-पिवळा ठिपका हलताना दिसे. एकदा तो दिसला की घर जागेवर आहे, म्हातारा बरा आहे, आणि ती बैलांमागं उभी आहे, हे सगळं एकदम कळे. मग ट्रंकेचं ओझं वाटत नसे. सतरा वर्षं प्रत्येक रजेला तो त्या खिंडीत थांबला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तिला तर नाहीच नाही. असलं काही बायकोला सांगतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पेन्शनीत आला तो बिडीचं व्यसन घेऊन. शालूबाईला बिडीचा वास सहन होत नसे. आठ दिवस तिनं बघितलं आणि नवव्या दिवशी सांगितलं की ह्या घरात एक तर बिडी राहील, नाहीतर मी राहीन. शत्रूपुढं न डगमगलेल्या हवालदारानं त्याच दिवशी पुडा चुलीत घातला. पुढं बहात्तरच्या दुष्काळात ती काविळीनं गेली, आठ दिवसांत. एकुलता नाथाजी तेव्हा नुकता पलटणीत भरती झाला होता. तो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दर बेंदराला केरबा ते दोन डबे आणी आणि तिनं ठेवला होता तसाच, बुडाला निळा, शेंड्याला पिवळा रंग स्वतः देई. तिच्यासाठी करण्यासारखं त्याच्या हातात तेवढंच उरलं होतं. आणि आता त्या रंगाकडं बघून लोकांना बिडी आठवत होती. माणूस एकदा जातं हे त्यानं सोसलं होतं. पण राहिलेल्या रंगातूनही तिला कुणी बाहेर काढावं आणि तिच्या जागी तिला नको असलेली नेमकी तीच वस्तू आणून ठेवावी, हे सोसायला तो तयार नव्हता.

सत्त्याहत्तर साली बेंदराला महिना असताना कंपनीची जीप गावात आली. अर्थात निळी-पिवळी. टपावर कर्णा, आणि आत बाळासो नावाचा विक्रीवाला, केसाला तेल आणि जिभेला साखर लावलेला. त्यानं पारावर जाहीर केलं की यंदाच्या बेंदराला कंपनी प्रत्येक दावणीला निळ्या-पिवळ्याचे डबे फुकट देणार, आणि सगळ्यांत देखण्या जोडीला शिंगांच्या टोकांवर बसवायच्या पितळी शेंब्या आणि मानाचा फेटा. गावानं टाळ्या वाजवल्या. फुकट मिळालं तर गाव शेपट्याही रंगवील. केरबा मागं उभा राहून ऐकत होता. त्यानं कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठला, धोतर-कोट चढवला आणि कोरेगावहून सांगलीची पॅसेंजर पकडली.

कंपनीची पेढी हळदीच्या पेठेमागं होती. मालक नानासो गादीवर बसलेले, अंगानं भरलेले, हसतमुख. केरबा मनात भांडणाची सगळी तयारी करून आला होता, पण समोरचा माणूस भांडायच्या कामाचाच नव्हता. नानासोंनी चहा मागवला, तक्या पुढं सारला आणि केरबा कवठवाडीचा आहे कळताच मांडीवर थाप मारली. चौऱ्याहत्तर साली, ते सांगू लागले, एस.टी.नं जात असताना तुमच्या गावच्या मिरवणुकीत आमची गाडी अडकली होती. सगळी बैलं तांबडी, आणि त्यात एकच जोडी निळी-पिवळी. कितीही लांब गेली तरी नजर तिच्यावरच. नवी बिडी काढायचं तेव्हा घाटत होतं. घरी आल्या आल्या पेंटरला बोलावलं आणि सांगितलं, हेच दोन रंग पाहिजेत. माणसाला वाचता येवो न येवो, रंग विसरत नाही.

केरबानं हातातला कप खाली ठेवला. म्हणजे ह्यांनी ते तिच्याकडूनच उचललं होतं. गाव त्याला बिडीवरनं नाव ठेवत होतं, आणि बिडी त्याच्या बैलांवरनं आली होती.

"ती जोडी माझी," तो म्हणाला. "आन् रंग माझं न्हाईत. घरच्यांचं हायती, तिनं सोताच्या हातानं लावल्यालं."

नानासोंना अतिशय आनंद झाला. त्यांनी तिथल्या तिथं केरबाला जन्मभर बिड्या फुकट द्यायचं कबूल केलं. केरबानं सांगितलं की मी बिडी ओढत नाही, आणि मला काही नको; तुम्ही दुसरे रंग घ्या. ते काही आता जमण्यासारखं नव्हतं. लाखांनी पुडे छापून झाले होते, भिंती रंगवून झाल्या होत्या. नानासो वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, रंग बदलता येणार नाहीत, पण ज्या माउलीनं ते काढले तिचं नाव तरी कळू दे. बैलं रंगवणारी बाई मी बापजन्मात ऐकली नाही. काय नाव तिचं?

आणि इथं हवालदार अडला.

त्या पिढीत नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नव्हतं. ती ह्याला 'आवं' म्हणे, हा तिला 'अगं' म्हणे. नाथाजी झाल्यावर ती नाथाची आई झाली. लग्नात करवल्यांनी दार अडवलं तेव्हा एकदाच त्यानं तिचं नाव घेतलं होतं, तेही इतकं तोंडातल्या तोंडात की करवल्या भांडल्या होत्या. त्यानंतर वीसेक वर्षांच्या संसारात एकदाही नाही. पलटणीतल्या कागदावर तिचं नाव घालायचं होतं तेव्हासुद्धा त्यानं साहेबापुढं वहीत लिहून दाखवलं होतं. आता हळदीच्या पेठेत, चार कारकुनांच्या देखत, त्याच्या ओठापर्यंत ते नाव आलं आणि तिथंच थांबलं.

"नाथाची आई," तो म्हणाला.

एक कारकून फिसकन हसला. नानासोंनी त्याला डोळ्यांनी दाबलं, पण त्यांच्याही मिशा हलल्या. नाथाची आई कुठल्या गावात नसते?

परतीच्या गाडीत केरबा खिडकीशी बसून राहिला. त्याला नानासोंचा राग आला नव्हता, कारकुनाचाही फारसा नाही. त्याला स्वतःची चीड आली होती. भर पाणवठ्यावर एकटी उभी राहून सगळ्या गावाला सुनावणारी ती, आणि तिचं नाव विचारल्यावर घसा बसणारा हा. मेडल मिळालेला माणूस. कऱ्हाड गेलं, रहिमतपूर गेलं, तरी त्याच्या कानातलं ते हसू जाईना.

बेंदराच्या आदल्या दिवशी सयाजी त्याच्या गोठ्यात आला. हातात हिंगुळाचा डबा होता. गावात आता कुणाला लागत नव्हता म्हणून त्याच्याकडं पडून होता. सयाजीचंही वय झालं होतं आणि मन तसं वाईट नव्हतं. तो म्हणाला, सगळं गाव उद्या निळं-पिवळं निघतंय, तुझी वेगळी ओळख ऱ्हायलीच न्हाई. त्यापेक्षा तू हिंगूळ लाव, म्हंजी पाणकोंबड्याचं बोलणंबी मिटंल.

केरबा नुसता हसला. पंचवीस वर्षांपूर्वी हिंगूळ लावत नाही म्हणून हसणारा माणूस आज हिंगूळ घेऊन दारात उभा होता.

"तिनं तुमाला भिऊन रंग सोडला न्हाई," तो म्हणाला. "मी बिडीला भिऊन सोडू व्हय?"

सयाजी डबा घेऊन तसाच परत गेला. केरबानं कंपनीचे डबे घेतले नव्हते. कोरेगावहून स्वतःच्या पैशानं आणलेले दोन डबे त्यानं उघडले आणि संध्याकाळ होईस्तोवर एकेका शिंगावर सावकाश हात फिरवत बसला.

बेंदराच्या दिवशी वेशीवर उभं राहून बघणाऱ्याला वेड लागायची पाळी होती. साठ जोड्या, एकशेवीस बैलं, आणि झाडून सगळी शिंगं निळी-पिवळी. काहींनी घाईत पिवळं बुडाला आणि निळं शेंड्याला लावलं होतं. एकानं बैलाचं कपाळही रंगवून टाकलं होतं. गावातल्या बायकांना आपलीच बैलं ओळखू येईनात. औक्षण करताना तीन ठिकाणी पोळीचा घास भलत्याच बैलाच्या तोंडात गेला आणि त्यावरनं तंटे झाले. वेशीला तोरण बांधलेलं, शेजारी बाळासोची जीप, आणि कर्ण्यातून पाणकोंबड्याचा जयजयकार चाललेला. बाळासो मनापासून खूश होता. सबंध गाव त्याच्या पुड्यात बसलं होतं.

केरबाची जोडी मागून आली. रंग तेच, पण हात वेगळा होता. निळं जिथं संपतं आणि पिवळं जिथं सुरू होतं ती रेघ सुईनं ओढल्यासारखी सरळ. बाळासोला पारख होती, शिवाय मालकानं त्याला सांगलीची हकीकत सांगितलेलीच होती. त्यानं जोडी थांबवली आणि बक्षीस जाहीर केलं. शेंब्या पुढं आल्या, फेटा पुढं आला. फेटाही निळा-पिवळाच. केरबानं दोन्हीला हात लावला नाही. बाळासोला वाटलं, हवालदार लाजतोय. आणि त्यानं त्या दिवसातली एकमेव चूक केली. कर्ण्याचा माइक त्यानं केरबाच्या हातात दिला आणि हसत सांगितलं, नुसतं एवढं म्हणा, माझी जोडी पाणकोंबडा छाप.

केरबानं माइक धरला. समोर सयाजी होता, सगळी भावकी होती, वेशीलगतच्या बुटक्या भिंतींवर डोईवर पदर घेतलेल्या बायका उभ्या होत्या. तिच्याबरोबर पाणवठ्यावर पाणी भरलेल्या त्यातल्या कितीतरी होत्या.

"हे पाणकोंबड्याचं रंग न्हाईत," तो म्हणाला, आणि थांबला. कर्ण्यातून त्याचा श्वास तेवढा ऐकू आला. मग तो बोलला.

"शालूबाईचं हायती."

म्हातारी माणसं एकमेकांकडं बघू लागली. भर मिरवणुकीत, कर्ण्यावरनं, बायकोचं नाव.

"माझ्या बायकोचं नाव शालूबाई," केरबा आता नीट बोलत होता, परेडवर बोलावं तसा. "हे रंग तिनं लावलं, एकटीनं, तुमी समदी हसत हुता तवा. बिडीवाल्यांनी ते हितनंच उचललं. मालकानं मला तोंडानं सांगितलंय. आज गावात साठ जोड्या तिच्या रंगात उभ्या हायती. फुकटच्या डब्यापायी का व्हईना, रंगवलंसा तुमी तिचंच. उद्यापास्नं ही शिंगं बघून ज्याला बिडी आठवंल त्यानं आठवावी. पर कुणाचं रंग म्हणून इचारलं, तर नाव शालूबाई सांगायचं."

भिंतीवरच्या बायकांतली एक डोळ्याला पदर लावून रडू लागली. दुसरी मोठ्यानं म्हणाली, व्हय, शालीचंच. सयाजीनं मान खाली घातली. त्याच्या बैलांची शिंगं त्याच्या शेजारीच निळी-पिवळी चकाकत होती.

बाळासोचं हसू कधीच मावळलं होतं. त्यानं माइककडं हात केला. मग जीपकडं बघून कर्णा बंद करायच्या खुणा केल्या. पण जीपचा ड्रायव्हर पडला कवठवाडीचा जावई, आणि त्याला ऐकायची हौस आली होती. बाळासोनं पुन्हा विनवलं, झालं हवालदार, आता द्या.

"थांबा," केरबा म्हणाला. "लय वर्सांचं घ्यायचं ऱ्हायलंय."

त्यानं माइक दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला, डोळे मिटले, आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतलं. मग परत घेतलं. मग परत.